नित्यवाचन आणि विवेक : सातारा-सांगली परिसरातील तीन ग्रंथांच्या संबोधनरीतीचा विचार

मोहाचा क्षण आला असता माणसाच्या हाती ग्रंथ नसतो. तो देवघरात पाटावर बांधून ठेवलेला असतो, आणि माणूस बाजारात, कचेरीत किंवा भावकीच्या वादात गुंतलेला असतो. मग सकाळी वाचलेले दुपारी उपयोगी पडते ते कोणत्या मार्गाने? श्रद्धावंताचे उत्तर ग्रंथाच्या सामर्थ्याकडे बोट दाखविते, संशयी माणूस ते नुसत्या सवयीवर सोपवितो. या दोन्ही उत्तरांत ग्रंथाच्या भाषेचा विचार होत नाही. नित्यवाचनाचा ग्रंथ वाचकाला कोणत्या पुरुषी संबोधितो, यावर त्याच्या परिणामाचा बराच भाग अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी सातारा-सांगली परिसरात घरोघर वाचले जाणारे तीन ग्रंथ घेतले आहेत : समर्थ रामदासांचे (शके १५३०–१६०३) ‘मनाचे श्लोक’ व ‘दासबोध’, आणि गोंदवलेकर महाराजांची (१८४५–१९१३) ‘प्रवचने’.

‘मनाचे श्लोक’ संख्येने २०५ आहेत. चाफळच्या रामजन्मोत्सवासाठी शिष्यांनी भिक्षेस जाताना म्हणावयाचे म्हणून ते रचले गेले, असे परंपरा सांगते. यांतील संबोधन द्वितीय पुरुषी आहे. परंतु ज्याला उद्देशून बोलावयाचे तो श्रोता समोर बसलेला नाही. श्लोक मोठ्याने म्हणणारा जो आहे त्याचेच मन हा येथे श्रोता होय. त्यामुळे आज्ञा देणारा आणि आज्ञा ऐकणारा एकाच देहात वसतात. लिहिताना आज्ञा समर्थांची होती. म्हणताना ती म्हणणाऱ्याची होते. शिवाय या मनाला समर्थ आरंभीच ‘सज्जन’ म्हणतात आणि ‘रे’ या सलगीच्या अव्ययाने जवळ घेतात. ‘नको’ हा निषेध त्यानंतर येतो. निषेधाच्या जोडीला बहुधा एक विधीही असतो : वाईट संकल्प सोडावयाचा आणि त्याच्या जागी चांगला धरावयाचा. मन हा शत्रू नसून चुकू शकणारा सोबती आहे, हा मानसशास्त्रीय विचार त्या संबोधनातच साठविलेला आहे.

परंतु येथेच एक धोकाही आहे. प्रत्येक चरणात चार यगण व बारा अक्षरे असलेला भुजंगप्रयात जिभेवर फार लवकर बसतो. लहानपणी पाठ झालेले श्लोक प्रौढ वयात ओठांवर आपोआप येतात, आणि जे आपोआप येते ते मनाला ऐकू येईलच असे नाही. जो गुण स्मरणाला साहाय्य करितो तोच अवधानाला झोप आणितो.

‘दासबोधा’ची रीत निराळी आहे. २० दशक आणि २०० समास असलेल्या या ग्रंथात गुरुशिष्यसंवाद पुष्कळ आहे. परंतु नित्यवाचनात ज्याचा ठसा सर्वांत अधिक उमटतो तो लक्षणांचा भाग तृतीय पुरुषी आहे. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे येतात. तेथे ‘जो’ असे वागतो ‘तो’ मूर्ख, अशी एकच वाक्यरचना ओवीमागून ओवी चालते. संबंधी सर्वनामाच्या या रचनेत कर्त्याची जागा रिकामी असते व ती वाचकाने भरावयाची असते. नीतिबोधाच्या दृष्टीने ही युक्ती मोलाची आहे. कोणी अंगावर येऊन दोष दिला म्हणजे मन बचावाला उभे राहते; येथे दोष कोणालाच दिलेला नसल्यामुळे बचावाचे कारण उरत नाही, आणि वाचक स्वतःला निवांतपणे त्या जागी बसवून पाहू शकतो.

पण रिकाम्या जागी शेजाऱ्यालाही बसविता येते. मूर्खलक्षणांचे वाचन ऐकताना श्रोत्यांच्या नजरा एकमेकांकडे वळतात, हा अनुभव ज्याने असे वाचन ऐकले आहे त्याला नवा नाही. ही पळवाट समर्थांच्या ध्यानात होती, असे दशकाच्या रचनेवरूनच म्हणता येते. ज्या दशकाचा आरंभ मूर्खापासून झाला त्याचाच शेवट ‘पढतमूर्खा’वर होतो. ज्ञान सांगणारा पण तसे न वागणारा, ग्रंथ समूळ न पाहताच त्याला दूषण ठेवणारा, असा हा मनुष्य आहे. पहिल्या समासात ज्याने इतरांना मोजले तो वाचक दहाव्या समासात स्वतः सापडतो. वाचनाने शहाणपण आपोआप येत नाही, हे वाचकाला सांगण्यासाठी ग्रंथाने एक संपूर्ण समास खर्ची घातला आहे.

माण तालुक्यातील गोंदवल्याची ‘प्रवचने’ गद्यात आहेत. गो. सी. गोखले यांनी त्यांचे संकलन वर्षाच्या तारखांना अनुसरून केले असून प्रत्येक दिवसाला सुमारे एक पान येते. यांतील प्रधान सर्वनाम ‘आपण’ हे होय. प्रपंचात गुंतणारे आपण, नामाचा कंटाळा करणारे आपण : बोलणारा आणि ऐकणारा दोघेही या सर्वनामात सामावतात. श्रोत्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामील करून घेणारा ‘आपण’ असा भेद मराठीने राखला आहे, त्याचा येथे नेमका उपयोग झाला आहे. उपदेशकाची उंची नाहीशी होते आणि घरगुती दृष्टान्त सहज उतरतात. तथापि जो दोष सर्वांचा, त्याची लाज कोणालाच फारशी वाटत नाही. ‘आपण सारेच असे’ या समाधानात मोहाला आसरा मिळू शकतो.

तात्पर्य, तिन्ही पुरुषांना आपापले बळ आहे आणि आपापली पळवाट आहे. यावर कोणी म्हणेल की, सर्वनाम म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या कितीतरी स्त्रीपुरुषांना या ग्रंथांनी सावरले आहे. ते खरेच आहे. व्याकरण न शिकताही भाषा आपले काम करिते. परंतु त्यांना सावरले ते नुसत्या उच्चाराने नव्हे. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकातील शिकवणीच्या समासात दिवसाची दिनचर्या सांगितली आहे. तेथे सकाळी पाठांतर, जेवणानंतर वाचन व चर्चा, आणि एकांतात ग्रंथांचे विवरण, अशा निरनिराळ्या क्रिया निरनिराळ्या वेळी येतात. आपण त्या सर्वांना ‘वाचन’ या एका शब्दात कोंबतो आणि सकाळच्या पाठानंतर थांबतो.

हे विवरण कसे घडते याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. मिरजेच्या मठाच्या अधिकारी आणि ‘सीतास्वयंवरा’च्या कर्त्या वेणाबाई यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, बालवैधव्यात त्या एकनाथी भागवत वाचीत असता भिक्षेस आलेल्या समर्थांनी, वाचलेले समजते का, अशी पृच्छा केली. त्यावर वेणाबाईंनी आपल्या शंका एकामागून एक त्यांच्यापुढे मांडल्या. आख्यायिकेचा ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न वेगळा. संप्रदायाने ती जपून ठेविली, यावरून वाचनाची कसोटी त्याने कशात मानली हे स्पष्ट होते. जत तालुक्यातील उमदीच्या भाऊसाहेब महाराजांमुळे प्रसार पावलेल्या इंचगिरी संप्रदायातही ‘दासबोधा’च्या वाचनाला नित्यनेमात स्थान आहे. तो मुलूख सीमेवरचा. तेथे श्रोत्याची घरची भाषा अनेकदा कन्नड असते. अशा ठिकाणी ओवीचा अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगितल्यावाचून गत्यंतरच नसते, आणि दुसऱ्या शब्दांत सांगणे हीच विवरणाची पहिली पायरी होय.

सप्ताहात ‘दासबोधा’चे पारायण करावयाचे तर दररोज २८ ते २९ समास वाचावे लागतात. सामुदायिक उपासना म्हणून त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मोहापुढे विवेक उभा राहावा हा हेतू असेल तर रोज एकच समास, आणि त्यानंतर स्वतःला विचारलेला एक प्रश्न, ही रीत ग्रंथाच्या घडणीशी अधिक जुळते. या समासातील ‘जो’ आज मी होतो काय, हा तो प्रश्न. तो सकाळी मनात रुजला तर दुपारी ग्रंथ जवळ नसला तरी अडत नाही.