उष्ण कक्षातील योगाभ्यास : लाभांच्या दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

कोलकात्याचे व्यायामाचार्य विष्णुचरण घोष यांचे शिष्य बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत तापविलेल्या खोलीतील योगाभ्यास रूढ केला. सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान, ४० टक्के आर्द्रता, ९० मिनिटांचा अवधी आणि २६ ठरावीक क्रिया असे त्याचे स्वरूप आहे. घामावाटे विषद्रव्ये बाहेर पडतात व उष्णतेने आसनांचे फळ वाढते, असे त्याचे पुरस्कर्ते मानतात. लाभाचे श्रेय आसनांचे की उष्णतेचे, हा येथील कळीचा प्रश्न होय.

विवेचन

घाम म्हणजे मुख्यतः पाणी व क्षार. शरीर थंड राखणे हे त्याचे कार्य. त्याज्य द्रव्यांचा निचरा प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात. त्यामुळे शुद्धीचा दावा टिकत नाही. उलट दमट हवेत घाम नीट सुकत नसल्याने शरीराचे तापमान वाढत जाते.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील २०१३ च्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर लवचिकता व स्नायुबल वाढल्याचे आढळले. परंतु तुलनेचा गट योग न करणाऱ्यांचा होता. २०१८ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी हीच आसने ४०.५ व २३ अंश अशा दोन तापमानांत १२ आठवडे करवून घेतली. रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता दोन्ही गटांत सुधारली. म्हणजे त्या लाभासाठी उष्णता अनिवार्य नव्हती. २०२३ च्या एका अमेरिकन चाचणीत नैराश्याची लक्षणे घटली खरी. मात्र तेथेही तुलना प्रतीक्षायादीतील रुग्णांशी असल्याने उष्णतेचा वाटा वेगळा काढता येत नाही.

परंपरेचा आधारही दुबळाच ठरतो. हठप्रदीपिकेत घामाचा उल्लेख आहे, पण तो प्राणायामातून उपजणारा घाम आहे. नवसाधकाने अग्निसेवन टाळावे, असेच तो ग्रंथ सांगतो. ऊष्मा साधनेतून यावा, यंत्रातून नव्हे, असा याचा अर्थ लावता येतो.

निष्कर्ष

उष्ण कक्षातील योगाभ्यास निष्फळ नाही. पण त्याचे सिद्ध झालेले लाभ बव्हंशी योगाचे आहेत आणि निर्जलीकरण, भोवळ, उष्माघात हे धोके मात्र उष्णतेचे आहेत. गर्भवती, हृदयरोगी व रक्तदाबाचे रुग्ण यांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर उभे केले. तीच कसोटी या नव्या पद्धतीलाही लावणे अगत्याचे आहे.