खडकचक्राच्या आकृतीत जांभा कोठे बसतो?

शालेय पुस्तकांतील खडकांच्या पाठात एक आकृती सहसा असतेच. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित अशा तीन चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. कोकणातील एका शिक्षक-शिबिरात मी हीच आकृती फळ्यावर काढली, तेव्हा एका शिक्षिकेने विचारले, "सर, आमच्या शाळेच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. मुले विचारतात, जांभा यातल्या कोणत्या चौकटीत घालायचा?" उत्तर देऊ लागलो आणि लक्षात आले की चूक प्रश्नात नाही, आकृतीतच काही उणे आहे.

आकृतीमागची कल्पना मात्र मोठी आहे. १७८८ साली जेम्स हटन यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, सिकार पॉइंट येथे, जवळजवळ उभ्या झालेल्या जुन्या थरांवर तांबड्या वालुकाश्माचे कमी कललेले थर पाहिले. गाळ साचला, दगड झाला, उचलला गेला, झिजला आणि त्यावर पुन्हा गाळ साचला. एवढे सारे घडायला लागणाऱ्या प्रदीर्घ काळाची जाणीव हेच त्या निरीक्षणाचे सार होते. आपल्या आकृतीत बाण उरले, काळ मात्र निसटला.

पहिला आक्षेप 'प्राथमिक खडक' या शब्दाला. अग्निजन्य खडक प्राथमिक म्हटले, की विद्यार्थी ते सर्वांत जुने समजतो. महाराष्ट्रच याला उत्तर देतो. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रपूरकडील कोळसा ज्या वालुकाश्मांच्या थरांत सापडतो, ते स्तरित खडक २५ कोटी वर्षांहूनही जुने. वर्धा नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी या थरांवर बेसाल्ट पसरलेला आहे. म्हणजे येथे अग्निजन्य खडक वर आणि तरुण, स्तरित खडक खाली आणि वृद्ध! खडकाचा प्रकार त्याची घडण सांगतो, वय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'उष्णता व दाबामुळे खडक वितळून रूपांतरित खडक बनतात' असे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. खडक पूर्ण वितळला, तर त्याचा शिलारस होईल आणि थिजल्यावर तो अग्निजन्य ठरेल. रूपांतर घडते ते खडक घन असतानाच. मडके भट्टीत वितळत नाही, तरी कच्च्या मातीचे गुणधर्म त्यात उरत नाहीत, तसेच काहीसे हे आहे. चुनखडीतील कॅल्साइटचे बारीक कण नव्याने वाढून एकमेकांत घट्ट बसतात, जीवाश्मांच्या खुणा पुसल्या जातात आणि संगमरवर तयार होतो. ही प्रक्रिया न सांगता 'चुनखडी – संगमरवर' अशी जोडी पाठ करून घेण्यात विज्ञान कोठे आले?

तिसरा आक्षेप बाणांना. सगळे बाण सारखे, जणू प्रत्येक खडक ठरल्या वेळी पुढच्या चौकटीत जातो. कर्नाटकातील काही नाईस खडक ३०० कोटी वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत. उलट, लाव्हाचा पातळ थर काही महिन्यांत थिजू शकतो. घाटातील रस्त्याच्या कापात दोन लाव्हाथरांमध्ये कधीकधी तांबडा मातकट पट्टा दिसतो. एक थर थंड झाल्यावर दुसरा येण्याआधी पहिल्याचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली, असे बहुतेक ठिकाणी हा पट्टा सांगतो. सहलीच्या गाडीतून मुले तो पाहतात, पण तिथे थांबून कोणी सांगत नाही.

आता जांभा. भरपूर पाऊस आणि उष्ण हवा यांमुळे बेसाल्टमधील सिलिका, कॅल्शियम, सोडियम पाण्याबरोबर निघून जातात. मागे लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरतात. शिलारस थिजलेला नाही, गाळ साचलेला नाही, खोलवरची उष्णता वा दाब लागलेला नाही. जागच्या जागी झिजून उरलेला असा हा खडक आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि उघड्यावर कठीण होतो, हे चिरे काढणाऱ्याला पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे. तीन चौकटींपैकी कोणतीही त्याला नीट लागू पडत नाही.

आकृती फेकून द्यावी, असे माझे म्हणणे नाही. ती धड्याच्या आरंभी न देता शेवटी द्यावी. आधी शाळेच्या आवारातला दगड हातात घेऊन तीन प्रश्न विचारावेत : हा कशापासून झाला? कोणत्या परिस्थितीत? आणि किती काळात? मग मुलांनीच चौकटी आखाव्यात आणि जे मावत नाही ते बाहेर लिहावे. जांभा बाहेर राहिला, तर त्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत. त्याने पुस्तकापेक्षा दगडावर विश्वास ठेवलेला असतो, आणि विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.