लीड्सची मुलं आणि गळालेलं प्रश्नचिन्ह

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य ठोकून दिलं होतं: 'पालकांना आठ आठवड्यांचं प्रशिक्षण दिल्यामुळे इंग्लंडमधल्या लीड्स शहरात लहान मुलांमधला लठ्ठपणा कमी झाला.' मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "पेपर वाचलास की बातमी?"

बातमीच वाचली होती.

पेपर २०१९ चा, 'पीडिॲट्रिक ओबेसिटी' या जर्नलमधला. त्याच्या शीर्षकातच तो निरीक्षणात्मक आहे असं म्हटलंय आणि 'लीड्स प्रवाहाविरुद्ध गेलं का?' असा प्रश्न केलाय. बातम्यांमध्ये निरीक्षणही गळालं, प्रश्नचिन्हही.

आता आकडे बघा. इंग्लंडमध्ये शाळेत नव्याने आलेल्या ४-५ वर्षांच्या मुलांची उंची-वजनं दरवर्षी सरकारी योजनेत मोजतात. त्या नोंदींनुसार लीड्समधलं लठ्ठपणाचं प्रमाण ९.४ वरून ८.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे ०.६ पर्सेंटेज पॉइंट. हाच फरक मूळ ९.४ च्या तुलनेत मांडला की '६.४ टक्क्यांनी घट' होते, आणि मथळ्याला अर्थातच हा आकडा आवडतो. दोन्ही बरोबर आहेत. पण दर हजारी सहा मुलं कमी, असं म्हटलं की चित्र नीट दिसतं.

सहा म्हणजे काहीच नाही, असंही म्हणू नका. देशात आणि लीड्ससारख्या इतर शहरांत तशी घट नव्हती. शिवाय लीड्सच्या गरीब वस्त्यांत प्रमाण ११.५ वरून १०.५ वर आलं. मला पेपरमधला सगळ्यात दमदार भाग हाच वाटतो.

गाडी अडते ती कारणापाशी. श्रेय मिळालं 'हेन्री' या कार्यक्रमाला: मुलाला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणणं, एकत्र जेवणं, झोपेची वेळ पाळणं, असं तो पालकांना शिकवतो. पण नोंदी शहराच्या आहेत. कुठल्या मुलाचे आईवडील वर्गाला गेले होते, हे त्यातून कळत नाही. दरवर्षी मोजलेली मुलंही वेगळी. त्यात हेन्री हा शहराच्या लठ्ठपणाविरोधी धोरणाचा फक्त एक भाग होता. आणि पेपरच्या पहिल्या लेखिका मेरी रुडॉल्फ या हेन्रीच्या संस्थापक. हा आरोप नाही; पण कुठलाही पेपर हातात घेतलात की हितसंबंधांची चौकट आधी वाचा.

एवढा कीस का पाडायचा? कारण 'घरच्या सवयींनीच झालं' हे वाक्य आपल्याकडे आलं की थेट आईवर जाऊन आदळतं. डब्यात बिस्किटं कोणी दिली, मोबाईल कोणी हातात दिला, सगळं तिच्याच नावावर. खेळायला मैदान आहे का, स्वस्तात काय मिळतं, हे मग कोणी विचारत नाही.

माझं नवं वाक्य असं झालं: 'लीड्समध्ये कौटुंबिक सवयींवरचा कार्यक्रम इतर उपायांसोबत सुरू असलेल्या काळात ४-५ वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा ९.४ वरून ८.८ टक्क्यांवर आला. कार्यक्रमाचा त्यातला वाटा या अभ्यासातून वेगळा काढता येत नाही.' लांबलचक आणि रटाळ.

मॅडमनी शेजारी पेन्सिलने एवढंच लिहिलं: "तुलनेची शहरं कशी निवडली?"