'उंबरठा' ओलांडल्यावर घर कोण सांभाळतं?

स्त्री-पुरुष समानतेसाठी माध्यमांनी काय केलं, असं विचारलं की आपण धीट नायिकांची यादी काढतो. मला वाटतं, नायिका किती धीट आहे यापेक्षा तिने निर्णय घेतल्यावर घरात पुढे काय होतं, ते सिनेमा दाखवतो का, हे बघायला हवं.

१९३७ चा 'कुंकू' घ्या. व्ही. शांताराम यांचा, नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. तेव्हा आमच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर शाळेत शिकवत होते आणि सिनेमासाठी कथाही लिहीत होते. शांता आपटेंची नीरा फसवून लावून दिलेलं लग्न, म्हाताऱ्या वकिलाचं नवरेपण मान्यच करत नाही. तिचा नकार आजही अंगावर येतो. पण शेवटी नवऱ्याला चूक उमगते आणि तो आत्महत्या करतो. म्हणजे नीरा मोकळी होते ती त्याच्या मरणामुळे. तो जगला असता तर काय, याचं उत्तर सिनेमा देत नाही.

१९८२ चा जब्बार पटेलांचा 'उंबरठा' ही पळवाट घेत नाही. स्मिता पाटीलची सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक व्हायला घर सोडते. नवरा खलनायक नाही, शिकलेला वकील आहे. तरी ती परतते तेव्हा त्याचं दुसऱ्या बाईशी नातं जुळलेलं असतं. ती पुन्हा निघते. इथे नवरा मरत नाही, म्हणून प्रश्न जिवंत राहतो.

एका जागी मात्र 'उंबरठा'ही कमी पडतो. सुलभाची लेक जावेकडे वाढते. त्या जावेला स्वतःला काय करायचं होतं? सिनेमा तिच्यापाशी फारसा थांबत नाही.

शिरोड्यातून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या मुलींच्या मागे ही जाऊ आजही उभी आहे. कधी ती आई असते, कधी वहिनी, कधी सासू. दिवसभर बाजारात मासळी विकून किंवा काजूच्या कारखान्यातून परतून संध्याकाळी नातवंडांना भरवणारी. एकीचं काम दुसरीच्या अंगावर पडलं, तर पुरुषाच्या वाट्याला नवं काय आलं?

पुढच्या वेळी मोबाईलवर एखादी बिनधास्त नायिका ऑफिसला निघालेली दिसली, की मागे स्वयंपाकघरात कोण आहे तेही बघा. तिथे नवरा दिसला, तर माध्यमांनी खरंच काही केलं म्हणायचं.