वाटाड्या आणि वाट : व्हिडिओ गेममधील ‘वॉकथ्रू’च्या उपयोगाचा विचार

१

‘वॉकथ्रू’ म्हणजे एखादा व्हिडिओ गेम आरंभापासून शेवटापर्यंत कसा पार करावा, हे पायरीपायरीने सांगणारा मजकूर. कोणत्या दाराची किल्ली कोठे आहे, कोणत्या पात्राशी काय बोलावे, कोणती वस्तू कशावर वापरावी, याची ती आज्ञार्थी गद्यात लिहिलेली यादी असते. पूर्वी ती छापील पुस्तिकांतून मिळे. पुढे साध्या मजकुराच्या फायलींतून मिळू लागली, आणि आता ती पुष्कळदा चलच्चित्रांच्या रूपाने मिळते. या लेखनाला वाङ्मयीन प्रतिष्ठा नाही. ते वापरणाऱ्यालाही वापरल्याची कबुली देताना संकोच वाटतो. परीक्षेसाठी ‘गाईड’ वापरणारा विद्यार्थी वर्गात त्याचा उच्चार करीत नाही, त्याच जातीचा हा संकोच आहे. परंतु तो सर्व प्रसंगी सारखाच रास्त आहे काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे. खेळ या कलाप्रकारातील आस्वादाचे स्वरूप काय, हा मोठा प्रश्न त्यामागे उभा आहे.

या बाबतीत दोन टोकाची मते आढळतात. मिया कॉन्साल्व्हो यांनी ‘चीटिंग’ (२००७) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, फसवणूक कशाला म्हणावे याविषयी खेळाडूंमध्ये एकवाक्यता नाही. काहींच्या मते स्वतःच्या बुद्धीबाहेरची कोणतीही मदत ही फसवणूकच होय. उलट काहींच्या मते समोर दुसरा माणूस खेळत असल्याखेरीज फसवणूक संभवतच नाही. पहिले मत कर्मठ आहे, तर दुसरे उदार आहे. दोहोंतही उणीव एकच : दोन्ही मते वॉकथ्रूकडे पाहतात, पण ज्या अडथळ्यासाठी तो उघडला जातो त्या अडथळ्याकडे पाहत नाहीत. निवाडा करावयाचा असेल तर तो आधी अडथळ्याचा करावा लागेल.

बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या ग्रंथात खेळाची जी मीमांसा केली आहे, तिचे सार असे की, अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. हे मान्य केले तर कर्मठांचा पक्ष प्रथमदर्शनी बळकट वाटतो. ज्याने अडथळा आपण होऊन पत्करला, त्यानेच तो टाळण्याची सोय शोधावी यात विसंगती आहे. पण पत्करण्यातही एक अध्याहृत करार असतो. खेळाने जी साधने हाती दिली आहेत, त्यांच्या बळावर अडथळा ओलांडता येईल, असा तो करार होय. हा करार रचनाकारानेच मोडला असेल, तर बंधन एकट्या खेळाडूवर राहत नाही.

२

मदतीची गरज ही खेळाडूच्या आळसातून पुढे निर्माण झाली, असा एक समज आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. विल क्राउदर यांनी सत्तरीच्या दशकाच्या मध्यास रचलेला आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये वाढविलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा केवळ शब्दांनी चालणारा खेळ या परंपरेच्या आरंभी आहे. केंटकीतील मॅमथ गुहेच्या प्रत्यक्ष ज्ञानावर त्याचा भूगोल आधारलेला आहे. खेळाडू अडखळला तर सूचना हवी काय, असे खेळच त्याला विचारतो, आणि तिच्या मोबदल्यात गुण कापून घेतो. म्हणजे वाटाड्या आरंभापासूनच वाटेवर हजर होता; त्याची मजुरी तेवढी ठरलेली होती. याच खेळात एकूण ३५० गुण आहेत. त्यांतील एक गुण मिळविण्यासाठी गुहेच्या एका विशिष्ट कोपऱ्यात एक नियतकालिक टाकून यावे लागते. ही गोष्ट कोणत्याही अनुमानाने सुचण्याजोगी नाही. ३४९ गुणांपर्यंत बुद्धीची कसोटी घेणारा खेळ शेवटच्या एका गुणासाठी खेळाडूला मुद्दाम बाहेर शोध घ्यावयास लावतो.

जपानमधील नामको कंपनीच्या ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ (१९८४) या खेळात हीच रीत सर्वव्यापी झाली. मनोऱ्याला ६० मजले. मजल्यावरील गुप्त खजिना कोणत्या कृतीने प्रकट होईल, याची सूचना खेळ देत नाही. खेळगृहात येणारे लोक आपापले शोध एकमेकांना सांगत, व त्या सामुदायिक संचितावरच मनोरा सर होई. येथे इतरांकडून मिळालेले ज्ञान खेळाच्या बाहेरचे म्हणता येत नाही. ‘एकट्याने खेळणे हेच खरे खेळणे’ हे तत्त्व अशा कृतीला लावणे म्हणजे भजनी मंडळाला एकल गायनाचे नियम लावण्यासारखे आहे.

३

अडथळ्यांचे प्रकार पाडताना संस्कृत साहित्यशास्त्रातील एका विचाराचे साह्य होते. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीला बाधक अशी सात विघ्ने सांगितली आहेत. ती नाट्यासंबंधी आहेत, हे खरे. आणि नाट्य व खेळ यांत एक मूलभूत भेद आहे, हेही विसरून चालणार नाही. नाट्यात अडथळा हा रसाचा शत्रू असतो. खेळात अडथळ्यावाचून रस नाही. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) मध्ये कोंडी आणि तिच्या उलगड्याचा साक्षात्कार या जोडीला जे महत्त्व दिले आहे, ते याच अर्थाने. कोंडी नसेल तर साक्षात्कारही नाही. तथापि खेळातील प्रत्येक कोंडी रसाला उपकारकच असते असे मात्र नाही. रसोपकारक अडथळा आणि रसविघ्न यांतील भेद कोणता, हाच येथील मर्माचा प्रश्न आहे.

‘गॅब्रिएल नाइट ३’ (१९९९) या खेळात मोटारसायकल भाड्याने मिळविण्यासाठी नायकाला आपल्या मित्राचे सोंग घ्यावे लागते. त्यासाठी तो मांजराच्या केसांची खोटी मिशी तयार करतो. मित्राला मिशी नाही! म्हणून मित्राच्या पारपत्रावरील छायाचित्रातही मिशी रेखाटावी लागते. या कृतींची साखळी यंत्राच्या दृष्टीने बिनचूक असली, तरी मनुष्यस्वभावाच्या दृष्टीने असंभाव्य आहे. अभिनवगुप्ताने पहिले विघ्न म्हणून जो ‘संभावनाविरह’ सांगितला, त्याचे याहून चोख उदाहरण शोधावे लागेल. येथे वॉकथ्रू उघडणाऱ्याने काहीही गमावलेले नाही. कारण कोडे स्वतःच्या बळावर सुटले असते तरी साक्षात्काराऐवजी केवळ आश्चर्य, किंबहुना चीड, पदरी पडली असती.

आणखी एक विघ्न ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीतीच्या साधनांचीच उणीव. ‘मंकी आयलंड २’ (१९९१) या विनोदी खेळात एका ठिकाणी पाण्याचा प्रवाह बंद करण्यासाठी पान्याची गरज पडते, आणि तेथे चक्क एक माकड पान्यासारखे वापरावयाचे असते. अमेरिकन इंग्रजीत अशा पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात, त्या शब्दावरची ही कोटी आहे. ज्याच्या कानावर तो शब्द कधी पडला नाही, त्याच्यापुढे कोडे नसून भिंत आहे. मराठी खेळाडूला ‘पाना’ हा शब्द घरातला आहे. पण ‘पाना’ उच्चारताच माकड आठवावे, अशी कोणतीही तजवीज मराठीत नाही. परभाषेतील श्लेष समजावून घेण्यासाठी टीका उघडणाऱ्या वाचकाला जसे कोणी अप्रामाणिक म्हणत नाही, तसे या खेळाडूलाही म्हणता येणार नाही. भारतात खेळले जाणारे बहुसंख्य खेळ परभाषेत व परसंस्कृतीत रचलेले असल्यामुळे, हा प्रकार येथील अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवा.

तिसरा प्रकार कालविषयक आहे. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ (१९८४) या इन्फोकॉम कंपनीच्या खेळात आरंभीच एका कुत्र्याला सँडविच खाऊ घालावे लागते. ते राहून गेले, तर त्याचे फळ फार पुढे भोगावे लागते, आणि तेव्हा ती चूक दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. विचार करून सुटावी अशी ही अडचण नाही, कारण ती कळते त्या क्षणी विचाराला विषयच उरलेला नसतो.

याच्या उलट उदाहरण ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) या लुकास पोप यांच्या खेळाचे देता येईल. एका ओसाड जहाजावरील ६० माणसांचे काय झाले, हे अवशेष, पोशाख, बोलण्याची ढब यांवरून ताडावयाचे असते. तर्क बरोबर आहे की नाही, हे खेळ एकेका उत्तराला सांगत नाही. तीन उत्तरे बरोबर आली म्हणजे ती एकदम मान्य होतात. त्यामुळे अंदाजाने ठोकून देण्याला फारसा वाव राहत नाही, आणि निरीक्षणाला मात्र पुरेपूर साधने मिळतात. येथे करार काटेकोरपणे पाळला आहे. या खेळाचा वॉकथ्रू वाचणारा खेळाडू ६० नावांची यादी मिळवतो आणि खेळ गमावतो.

४

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. समोरचा अडथळा उपकारक आहे की विघ्नरूप आहे, हे उत्तर कळण्यापूर्वी खेळाडूने ओळखावे कसे? अडलेल्या माणसाला प्रत्येक दार भिंतच वाटते. ओब्रा डिनच्या डेकवर गोंधळलेला खेळाडू आणि मांजराच्या केसांपुढे हतबुद्ध झालेला खेळाडू यांची मनःस्थिती त्या क्षणी एकसारखीच असते. तेव्हा ‘विघ्न असेल तरच मदत घ्यावी’ हा नियम तत्त्वतः बरोबर असला, तरी व्यवहारात अपुरा पडतो.

या आक्षेपाचे उत्तर मदतीच्या रीतीत सापडते, आणि ते फार पूर्वीच दिले गेलेले आहे. इन्फोकॉमच्या ‘झोर्क’ या खेळाच्या चाहत्यांसाठी माइक डॉर्नब्रुक यांनी १९८२ च्या सुमारास ‘इनव्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका काढल्या. त्यांत प्रश्न उघड छापलेले असत, व प्रत्येकाखालील सूचना अदृश्य शाईत असत. विशिष्ट लेखणी फिरविली म्हणजे एक ओळ प्रकट होई. पहिली सूचना केवळ दिशा दाखवी, पुढची थोडी अधिक स्पष्ट असे, आणि शेवटची पूर्ण उत्तर देई. शिवाय प्रश्नांच्या मथळ्यांवरूनच रहस्य फुटू नये, म्हणून काही खोटे प्रश्नही त्यांत मिसळलेले असत. या पद्धतीत खेळाडू एकेक पायरी उतरतो व प्रत्येक पायरीवर त्याला थांबता येते. पहिल्याच सूचनेने कोडे सुटले, तर ते उपकारक होते हे सिद्ध होते, आणि सोडविण्याचे श्रेयही बहुतांशी त्याचेच राहते. शेवटची ओळ वाचूनही ‘हे सुचावे कसे?’ असा प्रश्न उरला, तर दोष रचनेचा ठरतो. म्हणजे क्रमशः उलगडणारी सूचना ही मदत तर असतेच, पण ती अडथळ्याची परीक्षाही असते.

पुढील काळातील वॉकथ्रू या कसोटीला कमी उतरतात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘गेमफॅक्स’ या संग्रहातील सलग मजकुराच्या फायली परिश्रमाने लिहिलेल्या आहेत. अक्षरांनी रेखाटलेले त्यांतील नकाशे पाहून लेखकांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. परंतु सलग मजकुरात हव्या त्या ओळीबरोबर नको ती पुढची ओळही डोळ्यांत शिरते. चलच्चित्राच्या बाबतीत हा दोष आणखी वाढतो. तेथे कृती, तिची वेळ, तिचा परिणाम हे सर्व एकाच वेळी दिसते, आणि अर्धे उत्तर घेण्याची सोयच राहत नाही. मल्लिनाथाने आपल्या टीकांसाठी एक मर्यादा घालून घेतली होती : मुळात नाही ते लिहावयाचे नाही, आणि अपेक्षित नाही ते सांगावयाचे नाही. वॉकथ्रूचे लेखक पहिला नियम निष्ठेने पाळतात; दुसऱ्याचा मात्र बहुतेकांना विसर पडतो.

५

कसबाचे खेळ आणि ज्ञानाचे खेळ हा भेदही येथे नोंदवावयास हवा. ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’ (२००९) मध्ये एकाच टप्प्यात आठ जीव गमावले म्हणजे एक ठोकळा प्रकट होतो, व त्याच्या साह्याने तो टप्पा यंत्रच खेळून दाखविते. पाहिल्याने वाट कळते, परंतु उडीची अचूकता बोटांत उतरत नाही. पोहणे पुस्तकात वाचून येत नाही, तसेच हे. अशा खेळात वॉकथ्रूचा अपाय मर्यादित असतो.

‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) या खेळाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे एका लहानशा सूर्यमालेत २२ मिनिटांचे कालचक्र पुनःपुन्हा फिरते. शस्त्रे वाढत नाहीत, शक्ती वाढत नाही. प्रत्येक फेरीतून खेळाडूबरोबर पुढे जाते ते फक्त त्याला कळलेले. अखेरचे दार पहिल्या फेरीपासून उघडता येण्याजोगे असते, पण ते कसे उघडावे हे ठाऊक नसते. ज्या कृतीत ज्ञान हीच एकमेव संपत्ती आहे, तेथे ती संपत्ती उसनी आणणे म्हणजे कृतीच रद्द करणे होय. आणि हे नुकसान भरून येत नाही. कारण जे एकदा कळले ते पुन्हा न कळलेले करता येत नाही.

६

अभ्यासकापुरता या विवेचनाचा एक परिणाम उरतो. खेळांवर प्रबंध लिहिणाऱ्याला पन्नास-साठ तासांचा खेळ पार करण्याऐवजी त्याचा वॉकथ्रू पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आर्सेथ यांनी २००३ मध्ये संशोधनपद्धतीविषयी लिहिताना अभ्यासकाने स्वतः खेळण्यावर भर दिला, तो योग्यच आहे. वॉकथ्रूमध्ये खेळाची सर्व स्थळे असतात, पण एकही कोंडी नसते. आणि ज्याने कोंडी अनुभवली नाही, तो ती उपकारक होती की विघ्नरूप होती, हे सांगू शकत नाही. कथासार वाचून कादंबरीचे परीक्षण करण्यासारखाच हा प्रमाद ठरेल. मात्र स्वतः खेळून झाल्यानंतर वॉकथ्रू वाचणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच मानावे लागेल. कोठे बहुतेक सर्वजण अडतात, कोणता मार्ग आपल्या नजरेतून सुटला, कोणता अडथळा रचनेचा दोष होता, याची साक्ष तेथे मिळते. जुनी यंत्रे बंद पडल्यावर काही खेळांच्या बाबतीत तर हे वाटाड्याचे टिपणच वाटेचा सर्वांत तपशीलवार पुरावा म्हणून मागे राहील.

तेव्हा वॉकथ्रूचा उपयोग हा मुळातच सदोष किंवा मुळातच निर्दोष ठरविता येत नाही. जेथे रचनाकाराने करार मोडला, तेथे तो न्याय्य आहे. जेथे भाषेचे वा संस्कृतीचे साधन हाती नाही, तेथे तो आवश्यक आहे. जेथे कसब पणाला लागते, तेथे तो बहुधा निरुपद्रवी आहे. आणि जेथे कळणे हाच खेळ आहे, तेथे तो घातक आहे. यांपैकी आपले स्थान कोणते याचा निर्णय अडलेल्या क्षणी होत नसल्यामुळे, सूचना थोडीथोडी घेणे एवढाच विवेक खेळाडूच्या हाती राहतो. वाटाड्याने वाट दाखवावी. चालण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.