छायाचित्रातला माणूस कुणाचा?

छायाचित्र म्हणजे वास्तवाचा पुरावा, असे आपले समीक्षक म्हणतात. पण ज्याचे ते वास्तव, त्याला त्या चित्रावर अधिकार काय, हे विचारायला ते धजत नाहीत.

१९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग यांनी एका आईचे छायाचित्र घेतले. ‘मायग्रंट मदर’ या नावाने ते जगभर गाजले. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. ती चेरोकी वंशाची. लोकांनी तिला गोऱ्या दारिद्र्याची प्रतिमा करून टाकले होते. छायाचित्र सरकारी कामाचे, म्हणून त्याचा मोबदलाही तिला नाही. लँग यांची नजर थोर होती यात शंका नाही. परंतु वेदना हवी आणि नाव नको, हा त्या कलेचाच दोष आहे.

आपला कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. पैसे देऊन काढवून घेतले, आणि वेगळा करार नसला, तर मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे लग्नात फोटोग्राफर लावणाऱ्याला हक्क. गटारात उतरलेल्याला नाही. १९९४ च्या राजगोपाल आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला, हे खरे. पण रोजंदारी बुडवून त्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

काही मित्र म्हणतील, संमतीची अट घातली तर अत्याचार दडपले जातील. मुळीच नाही. जाळलेली झोपडी, अडवलेला पाणवठा छापलाच पाहिजे. अत्याचार करणाऱ्याची संमती कुणी मागत नाही. प्रश्न अत्याचार सोसणाऱ्याच्या चेहऱ्याचा आहे. तो छापायचा की नाही, हे त्यानेच ठरवावे. बलात्कारपीडितेची ओळख छापणे १९८३ पासून गुन्हा आहे. ती उघड करायची झाली तर तिची लेखी परवानगी लागते. त्यामागचे तत्त्व आपल्या नियतकालिकांनी आपणहून पुढे न्यावे. आधी नाव विचारावे, छापण्याचे कारण सांगावे, नकार आला तर चित्र बाजूला ठेवावे.

ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्याकडे कॅमेऱ्यातून पाहताना परवानगी घ्या, एवढीच ही मागणी आहे.