केडगावचे अश्रू आणि आपली समीक्षा

पंडिता रमाबाईंवरील मराठी लेखनात ‘स्त्रीधर्मनीति’ असते, शारदा सदन असते, धर्मांतराचा वाद असतो, बायबलचे भाषांतर असते. १९०५ च्या जूनअखेरीस केडगावच्या मुक्ती सदनात जे घडले, त्याच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे ओझरते वाक्य येते.

तेव्हा तिथल्या मुली उपासनेत ओक्साबोक्शी रडत, थरथरत, सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. कित्येकींना अंगात आग पेटल्यासारखे वाटे. आधी पापांची कबुली, मग टाळ्या आणि गाणी, असा क्रम असे. वेल्समधील १९०४ च्या आणि खासी टेकड्यांतील १९०५ च्या जागृतीची वार्ता केडगावला पोचली होती. ज्या सभांपासून पेंटेकोस्टल पंथाचा उगम सांगतात, त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभा १९०६ मधल्या. त्यामुळे ‘हे अमेरिकेतून आलेले वेड’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

आपल्याला रमाबाई विदुषी म्हणून हव्या असतात, आणि विदुषीच्या आश्रमात असा आक्रोश आपल्याला अवघड वाटतो. मला हे द्वैतच चुकीचे वाटते. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी चर्चच्या अधिकाराकडे गहाण टाकण्यास नकार दिला. केडगावच्या गोंगाटावर आक्षेप आले, तेव्हाही त्यांची बाजू त्याच जातीची होती: भारतीय ख्रिस्ती माणसाने कसे रडावे, कसे प्रार्थावे, हे पाश्चात्त्य शिष्टाचाराने का ठरवावे? विचाराचे स्वातंत्र्य मागणारी बाईच इथे देहाचे स्वातंत्र्य मागते आहे.

शिवाय या अनुभवासाठी आपल्याकडे शब्द नव्हते असेही नाही. अश्रू, कंप, रोमांच, स्वरभंग हे अष्टसात्त्विक भावांपैकीच. संतांच्या संदर्भात आपण ते आदराने वापरतो. तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडलेल्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला ते परके असणे शक्य नाही. तोच कंप प्रार्थनागृहात दिसला की आपण त्याला उन्माद का म्हणतो?

इथे एक सावधगिरी मात्र हवी. या घटनांची वर्णने मुख्यतः रमाबाईंची आणि मिनी एब्रम्स यांच्यासारख्या मिशनरी सहकाऱ्यांची आहेत, तीही बरीचशी इंग्रजीत. दुष्काळातून वाचलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या मुलींचा आवाज त्यांतून गाळून येतो. म्हणून त्या रडण्याला घाईने बंड म्हणू नये. त्यात भीती असेल, सामूहिक दडपणही असेल. पण ज्यांचे केस, वस्त्र आणि अन्नसुद्धा इतरांनी ठरवले, त्या देहांनी देवापुढे मोकळेपणाने हंबरडा फोडावा आणि आश्रमप्रमुखाने त्यांना गप्प करू नये, ही साधी घटना नाही. रमाबाईंच्या चरित्रात तिला ‘स्त्रीधर्मनीति’च्या शेजारी जागा मिळेपर्यंत ते चरित्र अर्धेच राहील.